खिडकीतून कोथिंबीर वडी

जुन्या परदेशी कादंबऱ्या शिकवून माझं पोट भरतं. कॉलेजातली मुलं पुस्तक वाचून येत नाहीत, त्यामुळे सगळी गोष्ट मलाच सांगावी लागते, आणि दरवर्षी सांगून सांगून माझा एक सिद्धांत तयार झाला आहे. या कादंबऱ्यांत कुठेतरी एक परका माणूस असतोच. कधी तो अनाथ असतो, कधी कुरूप, कधी नुसताच चुकीच्या गल्लीत जन्मलेला. तो लांबून चांगल्या घरांकडे बघत राहतो आणि अभ्यासाला लागतो. त्यांची भाषा शिकतो, जेवायची रीत शिकतो, त्यांची पुस्तकं त्यांच्यापेक्षा जास्त वाचतो. मग एक दिवस केस विंचरून दार ठोठावतो. दार उघडणारी बाई किंचाळते. पुढची दोनशे पानं हा माणूस बिघडत जातो आणि परीक्षेत त्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो.

माझं म्हणणं असं, की त्याला हाकलतात ते तो अडाणी असतो म्हणून नव्हे, तर तो फारच चांगला अभ्यास करून येतो म्हणून. यावर मी प्रबंध लिहायला घेतला होता. तो अर्धा झालेला असताना आम्ही घाटकोपरची चाळ सोडून मुलुंडला एका जुन्या सोसायटीत राहायला आलो, आणि पुरावे शोधायला वाचनालयात जायची माझी गरजच संपली.

आमची चाळ म्हणजे सगळी कोकणातली माणसं. वडील गिरणीत, शेजारचे गिरणीत, वरचेही गिरणीतच, आणि गिरणी गेल्यावर जो तो मिळेल त्या कामाला. दारं दिवसभर सताड उघडी. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते गॅलरीतून जाता जाता वासावरून ओळखायचं आणि मोठ्याने जाहीर करायचं, हा आमच्याकडचा शिष्टाचार होता. "आज बांगडे गावले गो!" असं कुणी ओरडलं की आतून हमखास एक वाटी बाहेर यायची. न ओळखता पुढे गेलात, तर घरमालकिणीला वाटायचं की हिला आपला स्वयंपाक आवडत नाही. या वातावरणात माझं नाक तयार झालं. ते किती तयार झालं होतं हे मला मुलुंडला कळलं.

सोसायटीत कुणी वाईट वागलं नाही, हे आधी सांगते. लिफ्टमध्ये लोक हसायचे आणि विचारायचे, "नवीन ना?" तिसऱ्या वर्षीही विचारायचे, "नवीन ना?" सगळी जुनी, नोकरदार, शिकलेली घरं. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी शाळेतून. दुसऱ्या मजल्यावर एक बाई होत्या, त्या ट्रॉम्बेला अणुसंशोधनात आयुष्यभर शास्त्रज्ञ म्हणून काम करून आलेल्या. मनातल्या मनात मी त्यांना ट्रॉम्बेबाई म्हणायचे. तोंडावर काय म्हणायचं ते कधी ठरलं नाही, कारण तोंडावर काही बोलायची वेळच यायची नाही. सगळ्यांची दारं बंद असायची. बोलणं व्हायचं ते फक्त समोरच्या काकूंशी, आणि तेही त्यांच्या दाराची बेल बिघडली होती म्हणून. त्यांच्याकडे येणारा प्रत्येकजण आमचीच बेल वाजवायचा.

एका सप्टेंबरात काकू म्हणाल्या, "अगं, नवरात्रात खाली पार्किंगमध्ये भोंडला असतो आपला. ये की. दसऱ्याला खिरापत तुझी लावते."

मला इतका आनंद झाला की मी काकूंना चहाला घरात ओढलंच. भोंडला मी फक्त ऐकून होते, कारण नवरात्रात मी दरवर्षी आईकडे चाळीत असायचे. आमच्याकडे नवरात्र म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या गरब्याचा स्पीकर. मध्ये पाटावर हत्ती काढायचा, भोवती बायकांनी फेर धरून गाणी म्हणायची, शेवटी एकीने बंद डब्यातून खाऊ आणायचा आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा. त्या खाऊला खिरापत म्हणतात, एवढं माहीत होतं. एवढ्या माहितीवर बाहेर पडायला मी काय मूर्ख होते? मी अभ्यासाला लागले.

मोबाईलवर व्हिडिओ लावून सगळी गाणी पाठ केली. सासू-सुनांची, माहेरची, काही काही तर अर्थच न लागणारी. फेर कुठल्या बाजूने धरतात, पाऊल कधी आत टाकतात, सगळं टिपलं. एका संध्याकाळी नवरा किल्लीने दार उघडून आत आला, तेव्हा मी हॉलमध्ये एकटीच गोल फिरत गात होते आणि मध्ये पाटावर हत्ती म्हणून कुकर ठेवला होता.

त्याने चपला काढल्या. मग म्हणाला, "कुकरची पूजा आहे का आज?"

"अभ्यास चाललाय."

"बरं. आणि जेवण?"

"हत्तीतच आहे," मी म्हटलं आणि पुढचं कडवं घेतलं.

पहिल्या दिवशी मी चांगली साडी नेसून, गजरा माळून खाली गेले. गाणी मला अशी येत होती की काही विचारू नका. एका गाण्याची शेवटची दोन कडवी या बायकांनी केव्हाच सोडून दिली होती. त्या थांबल्या, फेर थांबला, पोरं थांबली, आणि मी एकटी हात वर करून ती दोन कडवी पूर्ण करून आले. कुणीतरी "वा" म्हणालं. मला ती शाबासकी वाटली.

मग खिरापत. त्या दिवशी ती ट्रॉम्बेबाईंची होती. त्या रुमालाने झाकलेला डबा पोटाशी धरून उभ्या राहिल्या. बायकांनी विचारायला सुरुवात केली. "गोड की तिखट?" तिखट. "वाजतं का?" त्यांनी डबा हलवला, आवाज नाही. आवाज नाही, तरीही एकजण म्हणाली, "चकली!" दुसरी म्हणाली, "शंकरपाळे!" तिखट म्हणून सांगितल्यावर शंकरपाळे! मला राहवेना. डब्यातून कच्च्या कांद्याचा, ओल्या खोबऱ्याचा आणि लिंबाचा वास येऊन माझ्या नाकाला चक्क हाक मारत होता.

"दडपे पोहे," मी म्हटलं.

ट्रॉम्बेबाईंनी रुमाल काढला, झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "बरोबर." आमच्या चाळीत यावर पहिली वाटी मला मिळाली असती. इथे सगळ्यांनी गुपचूप कागदी बशा घेतल्या, पोहे खाल्ले आणि पाच मिनिटांत पांगापांग झाली. पोहे झकास झाले होते आणि मी तसं तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भेळ, एका प्रश्नात. तिसऱ्या दिवशी एकीने डबा इतका जपून, आडवा न होऊ देता आणला होता की मी तिला उभीही राहू दिली नाही. "सुरळीच्या वड्या!" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या फ्रीजमध्ये लपून बसले होते. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "एवढ्या शिकलेल्या बायका रे, पण यांना साधं ओळखता येत नाही. आयुष्यभर अणू ओळखणारी बाई, आणि काल भेळेला अनारसे म्हणाली!"

"तू जरा हळू घे ना," नवरा म्हणाला.

"हळू कशाला? येतं ते येतं."

चौथ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सात वाजता खाली गेले, तर पाट भिंतीला टेकवून ठेवलेला, हत्ती पुसलेला आणि पोरं बोटं चाटत उभी. "अगं, आज जरा लवकर आटपलं," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मागाहून कळलं की बायकांच्या ग्रुपवर वेळ बदलल्याचं आलं होतं. त्या ग्रुपवर मी नव्हते. तीन वर्षांत मला कुणी त्यात घेतलंच नव्हतं, आणि माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

मला फार लागलं ते. उगाच मोठेपणा दाखवून काय करू, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. लग्न झालेली, नोकरी करणारी, इतरांना परकेपणावर व्याख्यानं देणारी बाई, आणि मला पार्किंगमधल्या हत्तीभोवती फिरायला घेतलं नाही म्हणून मी नळ सोडून रडले. पण रडता रडता प्रबंधाचा पुढचा मुद्दाही सुचत होता, हेही खरं आहे. इतका बिनतोड पुरावा घरबसल्या कुणाला मिळतो?

पाचव्या दिवशी मी गेलेच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचं सगळं दिसतं. मी भाजी चिरायचं निमित्त करून तिथे उभी राहिले. खाली फेर चालला होता, पोरं मध्ये घुसत होती, काकू नेहमीप्रमाणे अर्धा सूर वर गात होत्या. हुबेहूब कादंबरी. थंडीत बाहेर उभा राहून लोकांच्या घरातला दिवा बघणारा तो माणूस मीच, फक्त इथे थंडी नव्हती आणि हातात दुधी होता.

मग खिरापत आली. तळमजल्यावरच्या एका बाईने डबा धरला. "तिखट!" "वाजत नाही!" "ढोकळा?" "नाही!" "इडली?" "नाही!" आणि तेवढ्यात तो वास वर आला. बेसन, तीळ, ताज्या कोथिंबिरीचा तळलेला वास, थेट आमच्या खिडकीत. खाली त्या बायका आपल्या "साबुदाणा वडा?", "अळूवडी?" करत बसल्या होत्या. अळूवडी! इतक्या जवळ येऊन अळूवडी! मी खिडकीचे गज घट्ट धरले. दात आवळले. माझ्या हातून गप्प बसणं झालं नाही.

"कोथिंबीर वडी!" मी वरून ओरडले.

खालचे अंदाज जागच्या जागी थांबले. सगळ्या माना एकदम वर झाल्या. एका पोराने टाळी वाजवली आणि आईने त्याचा हात धरला. मी दुधी हातात घेऊन उभी. तेवढ्यात मागून नवऱ्याने येऊन स्वयंपाकघराचा दिवा बंद केला. त्याने नेमका काय उपयोग होणार होता हे मी त्याला आजवर विचारते आहे.

"आता लागली वाट," तो अंधारात म्हणाला. "यार, खाली नव्हतं जायचं, तर वरून तरी गप्प बसायचं ना."

त्यानंतर मी लिफ्टने जाणं सोडलं. जिन्यात कुणी भेटलं तर मोबाईल कानाला लावायचा. दसरा जवळ आला आणि बेल वाजली. काकू होत्या, आणि या वेळी खरोखर आमच्याकडेच आल्या होत्या.

"दसऱ्याला खिरापत तुझी आहे. लक्षात आहे ना?"

"काकू, मी नाही येत."

"न यायला काय झालं? मग डबा कोण आणणार, तुझा नवरा?"

"मी आणतो की," नवरा आतून म्हणाला. "वडापाव."

काकू गेल्यावर माझ्या डोक्यात सूड शिरला. हो, सूडच. या बायकांना जन्मात ओळखता येणार नाही असं काहीतरी न्यायचं, त्यांना हरताना बघायचं आणि मग ताठ मानेने वर निघून यायचं. पुन्हा कधी खाली जायचं नाही. ठरलं. शिरवाळे. तांदळाच्या पिठाच्या जाड वाफाळत्या शेवया आणि त्यावर गूळ घातलेला नारळाचा रस. आमच्याकडे सणाला करतात. मुलुंडच्या या बायकांच्या स्वप्नातही ते येणं शक्य नव्हतं. आईला फोन केला.

"आधी पिठाची उकड नीट काढ, मगे गोळे उकळत्या पाण्यात सोड, नायतर तुटतले," आई म्हणाली. "आणि गो, लोकांका पोटभर खावक घाल. ओळखूक कित्याक सांगतंस?"

तिला समजावणं कठीण होतं. शिरवाळ्यांचा आमचा साचा म्हणजे चार पायांचा जाडजूड लाकडी घोडाच, वर दांडा. त्याच्यावर माणसाने भार टाकला की खालून शेवया पडतात. नवऱ्याने तो घाटकोपरहून रिक्षात घालून आणला. रिक्षावाल्याने वाटभर विचारलं की हे नक्की काय आहे, आणि नवऱ्याने शेवटी कंटाळून "जिम का सामान" म्हणून सांगितलं.

दसऱ्याच्या सकाळी कळलं की नवऱ्याचं वजन कमी पडतंय. तो दांड्याला अक्षरशः लोंबकळला, तरी गरम गोळा आत जायला तयार नाही. घोडा मात्र फरशीवर दणदण आपटत होता. बेल वाजली. दारात काकू. "घर पाडताय का?" म्हणत आत आल्या, सगळा देखावा पाहिला, पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सरक. हे वजनदार माणसाचं काम आहे." त्या दांड्यावर बसल्या मात्र, खाली शेवयांची धार लागली. काकूंना ते इतकं आवडलं की त्या उठेनात.

रसाची वेळ आली आणि माझ्या मिक्सरने धूर सोडला. एवढे नारळ त्याला झेपले नाहीत. मी डोक्याला हात लावला, तोवर काकूंनी फोन लावलाही होता. "अगं, तुझा मिक्सर घेऊन वर ये. कशाला काय? ये म्हणतेय तर ये." दोन मिनिटांत ट्रॉम्बेबाई मिक्सर कवटाळून दारात हजर. दडपे पोह्यांनंतर आमचं हे पहिलंच बोलणं. त्यांनी नारळ वाटले, रस पिळला, गाळला, गूळ अंदाजाने नव्हे, वाटीने मोजून घातला, वाडगाभर शिरवाळे त्यात बुडवून उभ्या उभ्या खाल्ले, मग आणखी एक वाडगा घेतला आणि म्हणाल्या, "वेलची कमी आहे." जाताना मिक्सर धुऊन घेऊन गेल्या.

दोघी गेल्यावर मी हिशेब मांडला. सूड बाजूलाच राहिला. दोघींना सगळं माहीत. काकूंना माहीत म्हणजे दुपारपर्यंत अख्ख्या सोसायटीला माहीत, आणि नारळ-गुळाचा वास तर जिन्याने केव्हाच तळमजल्यावर पोचला होता. संध्याकाळी मी डबा घेऊन उभी राहणार, ट्रॉम्बेबाई चष्मा सावरून पहिल्याच झटक्यात "शिरवाळे" म्हणणार, सगळे कागदी बशा घेणार आणि पाच मिनिटांत पांगापांग. मी त्यांच्याशी जे केलं तेच. मला बोलायला तोंडही नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, "तूच जा डबा घेऊन." तो म्हणाला, "मी वरून बघतो. खिडकी चांगली आहे आपली."

फेर झाला. मी तोंडातल्या तोंडात गायले आणि इतर थांबल्या तिथेच थांबले. मग सगळ्या मला मध्ये ठेवून गोल उभ्या राहिल्या. मी डबा पोटाशी धरला.

"गोड की तिखट?" काकूंनी विचारलं.

"गोड."

"वाजतं का गं?"

मी डबा हलवला. आत रस डुबुक डुबुक वाजला.

"बेसनाचे लाडू!" काकू ओरडल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "लाडू असे वाजतात होय?" कुणीतरी त्यांना झापलं. "पाकात सोडले असतील," काकू म्हणाल्या. त्यांच्या मनगटावर सकाळचं पीठ वाळून अजून तसंच चिकटलेलं होतं.

ट्रॉम्बेबाईंनी चष्मा सावरला. "तळलेलं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग चिरोटे नाहीत," त्या म्हणाल्या, आणि कपाळाला आठ्या घालून खरोखर विचारात पडल्या. दोन वाडगे शिरवाळे पोटात असलेली बाई! "गुलाबजाम?"

मग सगळ्याच सुटल्या. खीर, बासुंदी, रसमलाई, फ्रूट सॅलड. सुरळीच्या वड्यांवाली म्हणाली, "सुरळीच्या वड्या, गोड!" तळमजल्यावरच्या बाईने मान वर करून थेट आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि हात तोंडाशी धरून ओरडली, "कोथिंबीर वडी!" सगळं पार्किंग हसून हसून वाकलं. मी पण हसले, इतकी की डबा काकूंना धरावा लागला. आणि हसता हसता मला एकेक आठवायला लागलं. ट्रॉम्बेबाई दरवर्षी पहिल्या दिवशी दडपे पोहेच आणत असणार. भेळवाली भेळच. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिखट म्हटल्यावर शंकरपाळे म्हणणारीलाही ठाऊक होतं. मी सगळी गाणी पाठ केली, सोडलेली कडवीसुद्धा, पण हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. त्या जुन्या कादंबऱ्यांत परक्याला सगळे तपासतात, पण तू काय आणलंयस हे विचारत त्याच्याभोवती कुणी असं खोटं खोटं हरताना मी अजून वाचलेलं नाही. माझ्यासाठी त्या अर्धा तास हरत होत्या.

"हरलो!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, पोरं सगळ्यांत जोरात.

"आता सांग गं बाई," काकू म्हणाल्या. "आम्हाला नाही हे ओळखता येत."

मी रुमाल बाजूला केला आणि झाकण उघडलं. ट्रॉम्बेबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं, दोन्ही हात गालांवर ठेवले आणि "अगं बाई, शिरवाळे!" म्हणत इतक्या जोरात किंचाळल्या, की वर आमच्या खिडकीत नवऱ्याने घाबरून दिवा बंद केला.